पाय न टेकता

ब्लाहा चौक. लाल.
पुढचं चाक डावीकडे वळवलेलं, रस्त्याच्या उंचवट्याकडे,
दोन्ही पेडल आडवी,
पावणेतीनला बंद पडलेल्या घड्याळासारखी.
बोटभर पुढे.
बोटभर मागे.
या सायकलला ब्रेक नाही.
चाक फिरलं की पाय फिरतात,
पाय अडले की चाक अडतं,
एवढाच आमच्यातला करार.

गेर्गो शिकवायचा, केलेती स्टेशनमागच्या आवारात:
चाकाकडे बघायचं नाही, इलका.
जमिनीला चिकटलेलं एखादं च्युइंगम शोध
आणि त्याच्यावर डूख धर.
तीन आठवडे ढोपरं फोडून घेतली.
शेवटी त्याने हात टेकले,
मला मात्र पाय टेकू दिला नाही.

पाठीवरच्या पिशवीत कुणाचा तरी जबडा आहे,
प्लास्टरचा, वरचा, दोन दात कमी.
चारच्या आत नदीपलीकडच्या लॅबमध्ये द्यायचा.
जरा कललं की तो पाठीला चावतो.

शेजारी काँक्रीटचा ट्रक येऊन उभा राहतो.
उभा म्हणजे, चाकं उभी.
पाठीवरचं पिंप गरगरतंच आहे,
थांबलं तर आतल्या मालाचा दगड.
मला तो एकदम नात्यातला वाटतो.

पिवळी ट्राम आडवी जाते, संपतच नाही.
खिडकीत एक पोरगा, काचेवर नाक चपटं,
मी कधी पडते याची वाट बघतोय.
मीसुद्धा, बाळा.

ट्राम जाते. लाल तसाच.
मांडीत काहीतरी फडफडायला लागतं,
पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं.
च्युइंगम सापडत नाही,
काल रात्री रस्ता धुतला वाटतं.
बोटभर पुढे, बोटभर मागे, अर्धं बोट,
आणि माझं बोट
ट्रकच्या दाराला लागतं.
टेकवलं नाही. लागलं.

काच खाली येते.
मिशीत सिमेंट बसलेला माणूस, पन्नाशीचा,
माझ्याकडे न बघता म्हणतो,
"एक्केचाळीस. पुढचे धरणार नाही."

हिरवा.
मागचे सगळे हॉर्न एकदम जागे होतात.

अस्तोरियाला पुन्हा लाल.
मी आधी पोचते. चाक वळवते. पावणेतीन.
मागून तो गरगरत येतो
आणि थांबतो, या वेळी हातभर लांब,
मुद्दाम.
काच अजून खालीच.

"एक," तो म्हणतो.