बहात्तर तास

ओजस म्हणाला, नवा प्रोसेसर आधी भाजून काढायचा.
बहात्तर तास, पूर्ण ताणावर, व्होल्टेज जरा चढवून.
मग तो सैल होतो. मग कमी विजेत जास्त पळतो.
भाजून म्हणजे वांग्यासारखा? मी विचारलं.
तो हसला नाही. तो बावीस वर्षांचा आहे
आणि महाप्याला त्याचा पगार सुरू झालाय.

कोपरखैरणे. बाबांना माथाडी म्हणून मिळालेलं बैठं घर,
त्यावर आम्ही दोन मजले चढवले
पायाला न विचारता.
सगळ्यात वरची खोली माझी.
जानेवारी, खाडीवरचा गार वारा,
पण दोन वाजले की पावणे एमआयडीसीकडून तो वास येतो
म्हणून खिडकी लावलेली.
कॅबिनेटचं एक दार काढून ठेवलं होतं,
आत एकच गणित, पुन्हा पुन्हा,
ज्याचं उत्तर कुणालाच नको होतं.
भिशीच्या जुन्या वहीत मागच्या बाजूने लिहीत गेलो:
रात्री अकरा, ८४ अंश.
पहाटे चार, ८३.
दुसऱ्या दिवशी दुपारी, ८१.
बघ, ओजस म्हणाला, रुळतोय.

रुळतोय.
स्कूटर घेतली तेव्हा बाबांनी दोन महिने
चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नव्हता,
मागून रिक्षावाले शिव्या घालत.
बिडाचा तवा: आधी तेल, मग कांदा,
मग कुठे पहिलं धिरडं, तेही फाटकं.
नव्या चपला.
वहिनी, पहिली दोन वर्षं.

तिसऱ्या रात्री आई वर आली,
गुडघा धरत, तेवीस पायऱ्या.
एकोणीस वर्षं ती रबाळ्याला बोर्डांच्या कारखान्यात होती,
शेवटची सात भट्टीवर.
तिने कॅबिनेटला उलटा तळवा लावला, ताप बघतात तसा.
किती तास झाले?
सत्तर.
कशाला?
सांगितलं. ती पलंगाच्या कडेला टेकली.
आम्ही अठ्ठेचाळीस ठेवायचो, म्हणाली,
ट्रेमध्ये, ओळीने, पापडासारखे.
सुधारायला नाही रे.
कच्चे असतील ते आमच्याकडेच मरावेत,
गिऱ्हाइकाच्या घरी नकोत, म्हणून.
आणि उरलेले?
उरलेले होते तसेच. थोडे म्हातारे.

मग हे तीन अंश?
मध्ये ते मलम लावता ना, ते पसरलं असेल.
आणि खिडकी उघडली होतीस का मधे?

उघडली होती.

ती गेल्यावर मी आग थांबवली.
पंखा खाली आला, आणि खोलीत किती आवाज होता
ते तेव्हा कळलं.
मग एक एक पायरी उतरत गेलो:
१.३५. १.३०. १.२७५.
१.२२५ ला पडदा निळा झाला,
१.२५ वर मात्र रात्रभर चालला, तोही वाढवलेल्या वेगाने.
ओजसला फोटो पाठवला.
त्याने फोडलेल्या नारळाचं चित्र पाठवलं.

तारीख टाकायला वही उघडली
आणि पहिली ओळ शोधली.
पहिल्या दिवशी, भाजण्याआधी,
१.२५ वर तो चालला असता का?
लिहिलेलं नाही.
विचारलंच नव्हतं त्याला.
वाशीच्या दुकानातून आणला, खोका फाडला
आणि सरळ जाळावर धरला.

खाली उतरलो पाणी प्यायला.
साडेतीन. आईच्या खोलीत दिवा.
जागीच होती, उशीचे अभ्रे घडी घालत.
रात्रपाळी सुटून आठ वर्षं झाली.
आम्ही तेव्हा सगळ्यांना सांगायचो,
पहिल्या महिन्यात त्रास झाला तिला,
मग छान रुळली.