चार मिनिटं

चार मिनिटं नीट चालतं, मग मरतं.
तिसऱ्याला नाही, पाचव्याला नाही.
मे महिन्यातली विश्वामित्री, पाणी काढ्याच्या रंगाचं,
काळाघोड्याचा पूल मागे राहिलेला,
आणि आमची होडी, आठ घोड्यांची,
एकही घोडा जागा नाही.

नटुभाईंनी दोरी ओढली. अकरा वेळा.
बाराव्याला सुरू झालं. मी घड्याळ लावलं.
आधी आवाज पातळ होत गेला,
ताकात कुणी पाणी घालत जावं तसा,
मग खोकला,
मग काठावरचे बेडूक ऐकू यायला लागले.

मी मगरी मोजायला आले होते.
वही होती, दुर्बीण, टॉर्च, दोन पेन्सिली.
पाना एकच, प्लगचा.
फोनवर सहा टक्के.
रावपुऱ्यात शिर्केमामांना लावला,
ज्यांनी आयुष्यभर स्कूटरी उघडल्या
आणि ज्यांना पोहता येत नाही.

पेट्रोल आहे?
आहे, अर्धा डबा. हलवून ऐकलं.
ऑइल घातलंस?
घातलं, मापानं.
प्लग ओला की कोरडा?
नटुभाईंनी टॉर्च दातात धरून प्लग काढला,
बोटावर फिरवला, माझ्या बोटावर फिरवला.
कोरडा, मामा. ठणठणीत.
मग ठिणगीला शिव्या देऊ नका, मामा म्हणाले,
उपाशी मरतंय ते. शिधा कुठे अडलाय बघा.

नळीवर हात फिरव. चीर?
नाही.
दोन्ही टोकं खट् वाजून बसली?
बसली.
मधे काळा फुगा आहे, त्यावर बाण असतो,
तो कुणाकडे बघतो?
इंजिनाकडे.
शहाणा आहे. आता सांग, फुगा गच्च की मऊ?

मी अंधारात चाचपला.
गच्च नव्हता, मऊ नव्हता.
चपटा होता, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा,
दोन्ही गाल आत गेलेले, एकमेकांना चिकटलेले.
पलीकडे मामा इतके गप्प झाले
की मला वाटलं फोन गेला.
मग हसू ऐकू आलं.
पोरी, इंजिन ओढतंय, डबा सोडत नाही.
झाकण सैल कर. अर्धा आटा. बास.

फस्स.
डब्यानं हवा आत घेतली, लांबलचक,
मूल एका दमात दूध संपवून
पेल्यातून तोंड काढतं तशी.
फुगा माझ्या तळहातात गोल होत गेला.
फोन विझला. आभार राहिले.

नटुभाईंनी दोरीला हात घातला
आणि मी म्हटलं, थोभो.
कारण इंजिन नसलेल्या त्या अर्ध्या तासात
नदी परत आपल्या मापाची झाली होती.
टॉर्च फिरवला. डोळे.
तांबूस, जोडीजोडीनं,
गाळात, गणपतीच्या जुन्या पाटाशेजारी,
प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये,
एक जोडी तर वल्ह्याच्या अंतरावर,
आमच्याकडे बघत, बहुधा बराच वेळ.
नटुभाई पाय होडीत आणखी आत घेऊन बसले,
जसे काही ते बाहेर होते.

वहीत असं आहे:
इंजिन चालू, मगरी तीन.
इंजिन बंद, एकोणीस.
अहवालात कुठला आकडा घालायचा
ते अजून ठरलेलं नाही.

येताना झाकण सैलच ठेवलं,
साडीला, म्हणजे आईच्या जुन्या साडीच्या फडक्याला,
दोन दिवस पेट्रोलचा वास.

दुसऱ्या दिवशी मामांनी झाकणावरचं
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक सुईनं टोकरलं.
माती निघाली. कुंभारमाशीचं घर.
आणि तिच्या मागून, नीट घडी घातलेली,
एक हिरवी बारीक अळी.
हिवाळाभर होडी उलटी पडली होती, ते म्हणाले,
कुणीतरी राहायला येणारच.

पैसे घेतले नाहीत.
मगर जवळून कशी दिसते ते सांग, म्हणाले.
मी सांगायला लागले, नाकपुड्या, पाठीवरचे खवले,
पण त्यांनी अळी बिलाच्या कपट्यावर घेतली होती
आणि चष्मा कपाळावर ढकलून
ती हलते का ते बघत होते.