सात बावन्नची पॅसेंजर

सान्तानकडे एक हिरवं निशाण आहे,
निवृत्त होताना परत न केलेलं.
माझ्याकडे मांजरपाटावर रंगवलेला नकाशा:
पेडणे, थिवी, करमळी,
आणि प्रत्येक स्टेशनाला शहराएवढा ठिपका,
कारण रंगवणाऱ्या पोराने त्यातलं एकही पाहिलं नव्हतं.

जीप उसनी, चांदेलच्या सोसायटीची.
मागे खताचा वास, पुढे आम्ही दोघं,
उत्तरेच्या गावांना सांगत सुटलेली
की बाबांनो, सकाळची गाडी आहे, तिच्यात बसा.

पार्शाला देवळासमोर सतरा माणसं जमली.
मडगावचं तिकीट किती स्वस्त ते मी बोटांवर मोजून दाखवलं.
खिडकी, संडास, पाय पसरायला जागा, सगळं सांगितलं.
सांगायचं नव्हतं तेही सांगून बसले:
माणसं नाही चढली तर गाडी काढून घेतील.
तेवढ्यात पदेराचा भोंपू वाजला
आणि सतरातले बारा पाव घ्यायला गेले.

हरमलला, दुकानावर रशियनमध्ये पाटी लावलेला
जुझे म्हणाला, माझी गिऱ्हाइकं विमानाने येतात.
सान्तान म्हणाला, विमानात कोंबडा नेऊन दाखव.

कोरगावच्या शाळेत
तिसरीतला एक मुलगा नकाशाजवळ आला,
ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं,
“आनी तुमी कशीं आयलीं?”
मी फळ्याकडे पाहिलं.
सान्तानने निशाण उलगडून पुन्हा गुंडाळलं.
“जीपने,” मी म्हटलं.
बाई खोकल्या. घंटा नव्हती, तरी वर्ग सुटला.

आगरवाड्याला उन्हं कलली होती.
सुभद्रा आगरातून मीठ ओढत होती,
फळी न थांबवता म्हणाली,
स्टेशन कुठे आणि मी कुठे!
बस पोतं घेत नाही. तुझी गाडी घेईल?
घेईल, मी म्हटलं.
चढवणार कोण?
मी गार्ड होतो तेव्हा चढवायचो, सान्तान म्हणाला.
आणि आता?
आता तो समुद्राच्या दिशेला बघू लागला.

दुसऱ्या दिवशी पेडणे स्टेशन.
बाकावर दव, दवात मांजर.
मी वही घेऊन उभी, प्रवाशांच्या रेघा मारायला.
दोन कॉलेजातली मुलं, एक नर्स, एक गृहस्थ
ज्यांना कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही,
पार्शाचे पाच जण, पाव खाऊन आलेले.
नऊ.
सिग्नल पडला तेव्हा पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल आली.
पुढे पायलट, मागे सुभद्रा, मध्ये पोतं,
तिघंही एकमेकांना घट्ट धरून.

थिवीपर्यंतच जायचं होतं तिला. एकच स्टेशन.
तिकीट काढलं, पैसे दोनदा मोजले,
गाडी आली, थांबली,
आणि पोतं मात्र हलेना.
सान्तानचा गुडघा, पायलटची कंबर.
वही काखेत मारून मी खाली वाकले,
मग पायरीवर, मग आत,
आणि पोतं टेकवून वळते तर फलाट सरकत होता.

मागे सान्तान, कोणी न सांगता
निशाण उंच धरून उभा.
खरा गार्ड त्याच्याकडे बघून हसला असावा,
मला दिसलं नाही.
माझ्या खांद्यावर मीठ,
खिशात सोसायटीच्या जीपची किल्ली,
तिकीट नाही.

पूल आला.
सुभद्रा दाराशी गेली, दांडी पकडून वाकली.
आयुष्यभर तिने ही नदी
गुडघ्याएवढ्या पाण्यातून पाहिलेली,
आगरात येणारी, चौकोनात बसणारी.
“ही आमचीच न्हंय?” तिने विचारलं.
कोणालाच खात्री नव्हती. नर्स म्हणाली, असेल.
पूल संपेपर्यंत सुभद्रा तशीच वाकून होती.

मी वही उघडली.
दहावी रेघ तिची.
अकरावी मारावी की नको, कळेना,
डब्याच्या दुसऱ्या टोकाहून टीसी येताना दिसत होता.