कॉफीचा डाग

विल्यांदीत डिसेंबरचा सूर्य
दुपारी साडेतीनलाच हात झटकून निघून जातो.
त्याच्या भरवशावर तांब्याला काही दाखवता येत नाही.
म्हणून मेरिकेच्या सलूनमधून
नखं वाळवायचा दिवा आणलाय, रात्रीपुरता.
"नखं? तू?" ती हसली.
म्हटलं, भावाचं काम आहे.

न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी. बल्ब पिवळा.
ट्रेसिंग पेपरवर उलारनं शाईनं काढलेलं सर्किट
तांब्यावर पालथं, वरून काच, दोन चिमटे.
हिवाळ्यात पेटी न उघडता
मधमाश्यांची गुणगुण ऐकायचं यंत्र.
इतकंच होतं ते. आणि तेही कागदावरच राहिलेलं.

पहिल्या पाटीला घाई नडली.
दुसरी जास्त भाजली: द्रावणात घातली
तर रेघांसकट सगळं निघून गेलं,
उरलं नुसतं कोरं, ओशाळं तांबं.
मग एका तुकड्यावर पुठ्ठा सरकवत,
वीस-वीस सेकंदांच्या पायऱ्या पाडत
वेळ शोधली. पाच मिनिटं वीस.

जांभळं दिसतं ती त्या उजेडाची फक्त किनार.
खरा तो आपल्याला दिसतच नाही.
माश्यांना दिसतो, उलार सांगायचा,
फुलांवरच्या वाटा त्यात उमटतात.
मी टबाच्या काठावर बसून
सेकंद मोजले, मोठ्यानं,
कुणीतरी पलीकडून चूक काढेल अशा बेतानं.

कोमट पाणी, मोरी साफ करायची पूड,
लिटरला सात ग्रॅम.
ट्रे हलवत राहिले, रवा चाळावा तसा.
पाण्यात जांभळट धूर सुटला
आणि एकेक रेघ वर आली:
कधीच काटकोनात न बसलेले त्याचे कोपरे,
त्याचा तिरका सात, आरशातला,
आणि मधोमध एक कमान.

ही आराखड्यात नव्हती.
कागद बल्बसमोर धरला तेव्हा कळलं,
त्याच्या कॉफीच्या कपाचं बूड.
माझ्या डोळ्यांना जेमतेम डाग,
त्या उजेडाला भिंत.

सुई घेतली.
कमान जिथे दोन रेघांना भिडत होती
तिथेच खरवडलं, तिळाएवढं, दोनदा.
बाकीची राहू दिली.

फेरिकच्या गढूळ पाण्यात चाळीस मिनिटं,
आणि ती आता तांब्याची आहे.
कशाला जोडलेली नाही.
तिच्यातून काही वाहणार नाही.

उजव्या हाताचा मोजा फाटला होता, उशिरा लक्षात आलं.
सकाळी दिवा परत द्यायला जाईन
तेव्हा मेरिके विचारेलच.
दाखवीन तिला:
तीन नखं, गंजासारखी पिवळी.