मानेवरचे दोन धागे

सोमवारी समिती येणार,
म्हणून शुक्रवारी दुपारी मी बरण्या पुसायला घेतल्या.
कॉलेज टिळकवाडीत, समुद्र कारवारला,
मधे घाट, आणि वळणावळणावर ओकणारी बस.

एकशे चार नंबर.
फॉर्मॅलिन कोऱ्या चहासारखं झालेलं,
आत कुणी करगोटा काढून ठेवावा
तसा वेटोळं घातलेला तो.
चिठ्ठी ब्याकोड सरांच्या हातची,
कन्नडात एक ओळ, मराठीत एक, मधे लॅटिन नाव:
युनिस. बैतखोल, ओहोटीचा चिखल.
जानेवारी एकोणऐंशी.
मी तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हते.

चिमट्याने उचलून बशीत ठेवला.
डोकं दुभंगलेलं, त्यावर पाच शिंगुट्या,
दोन बारीक डोळे, अजून काळे.
मग कडं, कडं, कडं.
प्रत्येक कड्याला दोन्ही अंगांनी एकेक पाय,
पायाला पाय म्हणावं की वल्हं, हे सर कधी नक्की सांगत नसत.
वल्ह्यातून राठ केस: काही सुईसारखे,
काही मोडून जोडल्यासारखे,
काही तर चक्क फणीसारखे.
एकतिसाव्या कड्यापासून कल्ले,
जिवंतपणी लालभडक असणार,
आता भिजलेल्या सुताचे.

जबड्याचं एक पातं फक्त डावीकडे असतं.
उजवीकडे त्याची जागाच नाही.
हे मला फार आवडतं, का ते माहीत नाही.

दारातून दुर्गव्वा, हातात केरसुणी:
"हुळ इदु? कशाला मोजूलालीस गे?"
तिच्या कन्नडातला हुळ
माझ्या मराठीत येऊन
बोटांच्या टोकांना हुळहुळतो.
मी म्हटलं, मानेवर दोन धागे शोधतेय.
असले तर युनिस.
नसले तर मार्फिसा.
"तेवढ्यावरून?"
तेवढ्यावरून.

भिंग फिरवलं. दिवा जवळ घेतला.
मान कोरी.
तुटल्याची खूणही नाही, मुळातच नव्हते.
पंचेचाळीस वर्षं हा दुसऱ्याच्या नावाने
या कपाटात राहिला
आणि त्याने एक केस हलवला नाही.

आमच्याकडे पाट्या रात्रीत बदलतात,
सकाळी डांबराचा वास येतो.
पण ब्याकोड सरांनीच शिकवलेलं:
जुनी चिठ्ठी काढायची नाही,
चुकली असली तरी. तिच्यामागे नवी सोडायची,
पेन्सिलीने, शाई विरघळते.
मी लिहिलं: मार्फिसा. जात ठाऊक नाही.
खाली माझं नाव, धामणेकर, आणि तारीख.
कन्नड ओळ दुर्गव्वाच्या मुलीकडून तपासून घेतली,
एक काना जास्त पडला होता.

मग कडी मोजायला बसले.
दोनशे बारापर्यंत आले
आणि पुढे काहीच नव्हतं.
शेपूट नाही.
फावड्याने तुटलं असेल त्या सकाळी,
सर घाईत असतील, भरती यायची होती.
तो तुकडा तिथेच राहिला, बैतखोलच्या चिखलात,
त्याच्यावर कुणाचीच चिठ्ठी नाही.

"संपला?" दुर्गव्वा म्हणाली.
मी नोंदवहीत लिहिलं: अपूर्ण.