सातवा मजला, मागची खोली

तीनदा गेलो होतो तिच्याकडे,
तीनदा रंगाचा डबा घेऊन.
बुरशीवर पांढऱ्याचे दोन हात मारायचे,
सही घ्यायची, लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं उतरायचं.
खाली टे नदीवरून येणारा वारा
डंडीत सरळ हाडांशीच बोलतो.

चौथ्यांदा इशबेल रँकिननं
डबा दाराबाहेरच ठेवायला लावला.
"आत बस," म्हणाली. "मागच्या खोलीत. तासभर.
कोट काढून."

पलंग भिंतीपासून हातभर सरकवलेला,
नातवाचा, कॅलमचा. उशाशी दम्याचा पंप
आणि गणिताची वही, पानं
भिजून वाळल्यासारखी फुगलेली.
कपाटात शाळेचे बूट,
त्यांच्यावर हिरवट लव.
मी बसलो. दुसरं काही करायचं नव्हतं
म्हणून श्वास घेतला.

आमच्या फॉर्मवर कारणांचा रकाना असतो.
पहिलंच छापलंय: भाडेकरूच्या सवयी.
कपडे घरात वाळवतात. खिडक्या उघडत नाहीत.
भात फार शिजवतात,
हे आठव्या मजल्यावरच्या सेमहारच्या फॉर्मवर
माझ्याच अक्षरात आहे.
ती भात करतच नाही.
मी विचारलं नव्हतं.

इशबेलची वही निराळी.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत
धागे मोजायला शिकलेला हात:
तारीख, वेळ, फोन कोणी उचलला,
किती मिनिटं संगीत ऐकवलं.
एकशे बारा नोंदी.
शेवटच्या रकान्यात दरवेळी तेच, "बघतो."

तास संपला. मी छिन्नी काढली.
गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला
आणि मागं, दोन भिंतींमधल्या पोकळीत,
बांधणाऱ्यांनीच लोटून दिलेला राडारोडा,
विटांचे तुकडे, दगड झालेली सिमेंटची पिशवी,
बिअरची एक बाटली. सगळं ओलंगच्च.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं नुसतं म्हणतात लोक.
इथं मुरत होतं.
ती राहायला यायच्या आधीपासून.

छापील ओळीतला "भाडेकरूच्या" खोडून
मी वर लिहिलं: "आमच्या".

त्या एका शब्दानं काही झालं नाही.
अकरा महिने काही झालं नाही.
मग तळमजल्यावरच्या धुलाईखोलीत
यंत्रांच्या घरघरीत सभा भरली.
ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं त्यांच्या कानाशी सेमहार,
समोर इशबेल, वही मांडीवर.
ऑफिसातले मोठे साहेब आले तेव्हा
तिनं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली,
"वर चला. कोट इथंच काढून ठेवा."

पलंग आता भिंतीला टेकलाय.
उत्तरेकडची बाजू अजून व्हायचीय,
रिकाम्या परांचीतून वारा शिट्ट्या घालतो.
काल गेलो, तर भिंतीबद्दल अवाक्षर नाही.
लिफ्टवरून मात्र अर्धा तास झापलं मला,
आणि मी, खरं सांगतो, खूश होऊन ऐकत राहिलो.

वही नवी होती.
पहिल्या पानावर तारीख, वेळ, माझं नाव.
शेवटचा रकाना तिनं
कोरा ठेवला होता.