साडेतीन बोटं

बावीस हंगाम हा चेहरा माझ्या हाताखाली.
डोळे मिटूनही सांगेन
स्पंज कुठे दाबायचा, कुठे नुसता फिरवायचा.
सुरुवात हनुवटीपासून.
तिथे गोंदणाचा एक हिरवा ठिपका,
मंडईत कुण्या गोंदणारणीने
पसाभर तांदळावर
सात वर्षांच्या पोरीला टोचून दिलेला.
त्या ठिपक्यापासून कानाच्या पाळीपर्यंत
माझी चार बोटं.

यंदा साडेतीन भरली.

दिवाळीआधी यशोधराबाई दोन महिने दिसल्या नव्हत्या.
वडशाच्या ऑफिसात म्हणाले, लेकीकडे गेल्यात, पुण्याला.
आज तट्ट्यांच्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली
खुर्चीत टेकल्या, तोंड उजेडाकडे केलं,
"पाह्य गा पत्रू. नीट पाह्य."

पाहिलं.
खर्ऱ्याने आत ओढलेले गाल
धानाच्या लोंबीत दूध भरावं तसे भरलेले.
हनुवटीखालची पिशवी नाही.
गळ्याची कातडी घट्ट,
नव्या ढोलकीसारखी, अजून कुणी न वाजवलेली.

"नागपूरच्या डाक्टरनं पोटातली काढली. बारीक नळीनं.
धुतली, गाळली, न् सुईनं गालात भरली.
गळ्याखालची ओढून फेकली.
पुणं गिणं काही नाही गा,
बहिणीकडे वरठीले पडून होती मी
तोंडाले पट्टा बांधून, पेज पीत."
मग हसल्या, जरा जपून, टाके असल्यागत,
"पोटातलं ओठात येते म्हंतेत, थे असं."

ते पोट मला माहीत आहे.
रात्री दोनला, दोन अंकांच्या मधे
उभ्याने खाल्लेली आलूभजी,
पहाटे नाटक सुटल्यावर पाटलाकडचं मटण,
धाकट्याच्या बाळंतपणातलं थोडं, जे उतरलंच नाही.
गाव म्हणेल, बाईला चरबी चढली.
चढलीच आहे,
हातभर वर.

गेल्या साली निर्मात्याने चोवीस वर्षांची पोरगी आणली
आणि बाईंना तिची सासू केलं.
पळसगावच्या प्रयोगात तणसावर बसलेलं कोणी ओरडलं,
बुढे, बस कर आता.
बाई एन्ट्री चुकल्या नाहीत. नंतर माझ्या डब्यांजवळ येऊन
एवढंच बोलल्या,
"मान लोंबली का मान गेला."
मी तेव्हा कापूस फाडत होतो. फाडत राहिलो.

यंदा नायिका.
पहिला अंक झाला. शिट्ट्या आल्या, मागून, सायकलींच्या रांगेतूनही.
दुसराही.
तिसऱ्यात मात्र गोष्ट तीस वर्षं पुढे जाते.
पूर्वी यात माझं काम काही नसायचं.
ओल्या फडक्याने रंग पुसायचा,
केसांत पावडर, की म्हातारी तयार.

आज तपकिरी पेन्सिल घेतली.
नाकाच्या बाजूने ओठाकडे, डावी जरा खोल.
डोळ्याच्या कोपऱ्यात तीन, त्यातली मधली तुटकी.
गळ्यावर दोन आडव्या, सुतळी आवळल्यासारख्या.
हात थांबत नव्हता,
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी आरसा जवळ ओढला.
खाली खड्ड्यात ऑर्गनवाल्याने सूर धरून ठेवला होता.
"एवढ्या होत्या?"
"नाटकासाठी वाढवल्या जराशा," मी म्हणालो.
त्या माझ्याकडे आरशातून पाहत राहिल्या,
अंगठ्याने गळ्यावरची एक रेघ चाचपली,
पुसली नाही.
"डाक्टर म्हने, यातली निम्मी विरघळून जाईन
होळीपर्यंत."

होळीला हंगामही सुटतो.
पण हे मी बोललो नाही.
घंटी झाली, त्या उठल्या,
पायऱ्या चढताना पाठ वाकवली, म्हातारीची,
ती त्यांची त्यांनीच.

मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.
ते अर्धं बोट
कुठे मोजावं, कळत नाही.